तिसरा रकाना

"हा रकाना मोकळा का ठेवलाय?"

जगदाळे साहेबांचं बोट माझ्या कागदावर वरपासून खालपर्यंत घसरत गेलं. सत्तावन्न कामं, सत्तावन्न ओळी. पहिला रकाना भरलेला, दुसरा भरलेला आणि तिसरा कोराच्या कोरा.

मी म्हणालो, "साहेब, आकडा कुणी सांगितलाच नाही."

साहेबांना ते पटलं नाही. सत्तावन्न कामांवरच्या माणसांपैकी एकानंही सांगू नये, असं कसं होईल, असं त्यांचं म्हणणं. माणूस चांगला, पण नवा. वयानं माझ्या मुलापेक्षा, कृष्णातपेक्षा, चार-पाच वर्षांनी मोठा असेल. सांगलीच्या त्या कालव्याच्या कचेरीत मला सव्वीस वर्षं झाली होती. हजेरीपत्रकं लिहिली, सिमेंटच्या गोण्या लिहिल्या, आलेलं टपाल लिहिलं, गेलेलं टपाल लिहिलं. कारकुनाचं काम झालेलं लिहिण्याचं. व्हायचंय ते लिहायला मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं आणि बहात्तर साली साहेबांनी तेच सांगितलं.

साहेब मुंबईहून तीन आठवड्यांचं शिक्षण घेऊन आले होते. तिथं त्यांना कामाचं जाळं काढायला शिकवलं होतं. मोठं काम घ्यायचं, त्याचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्याला एक बाण, बाणाच्या दोन्ही टोकांना एकेक गोल आणि गोलात आकडा. मग ते सगळं छापील कागदांवर उतरवून मुंबईच्या गणकयंत्राकडे धाडायचं. यंत्र सांगणार, काम कुठल्या तारखेला पुरं होईल आणि कुठल्या तुकड्याला एक दिवसही उशीर चालणार नाही. तासगावच्या वाटेवर ओढ्यावरून कालवा न्यायला दगडी कमानींचा पूल बांधायचा होता, त्यावर हा पहिला प्रयोग. माझं अक्षर बरं आणि कामावरचा माणूस न् माणूस ओळखीचा, म्हणून हे जाळं माझ्या गळ्यात पडलं.

पहिले आठ दिवस मला काही म्हणता काही उमगलं नाही. बाण म्हणजे काम आणि गोल म्हणजे काहीच नाही, हे कळायलाच दोन दिवस गेले. गोल एवढा ठसठशीत काढायचा, त्यात आकडा घालायचा आणि वर म्हणायचं, इथं काही होत नाही. मग बाणाची लांबी. पाया खणायला चाळीस दिवस आणि त्याचा बाण बोटाएवढा. नारळ फोडायला अर्धा तास, तर त्याचा बाण कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. साहेब म्हणाले, लांबीला अर्थ नसतो. अर्थ नाही तर काढायचा कशाला, असं मी मनात म्हणालो आणि तोंडानं 'बरं' म्हणालो. तुटक रेघेचाही एक बाण होता. त्याला ना दिवस लागत, ना माणसं. हे झाल्याशिवाय ते नाही, एवढंच सांगायला तो उभा. त्याच्याकडे मी बघायचंच सोडून दिलं. माधवनगरला माझी भाड्याची खोली होती. गिरणीचा भोंगा वाजला की जाग यायची आणि डोळे उघडायच्या आधीच गोल दिसायला लागायचे.

खरी पंचाईत केली ती मात्र रकान्यांनी. प्रत्येक कामाला तीन आकडे हवे होते. सगळं मनासारखं झालं तर किती दिवस, नेहमीसारखं चाललं तर किती, आणि सगळंच वाईट झालं तर किती. पहिल्या आकड्यात दुसऱ्याची चौपट मिळवायची, तिसरा मिळवायचा आणि सहानं भागायचं. सहानंच का, ते मी विचारलं. साहेबांनी फळ्यावर पुष्कळ काही लिहून दाखवलं, मी मान डोलवली आणि आम्ही दोघांनी चहा मागवला.

आकडे विचारायला मी आधी इमाम मिस्त्रींकडे गेलो होतो. साठी उलटलेले हे गवंडी मूळचे मिरजेकडचे. अर्ध्या जिल्ह्यातल्या कमानी त्यांच्या हातच्या आणि आजवर त्यातली एकही खचलेली नाही. एका कमानीला बेस चाललं तर तीस दिवस, एरवी चाळीस, असं त्यांनी चटकन सांगितलं. मग मी तिसरं विचारलं. त्यांनी थापी खाली ठेवली, हात पुसले आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या घरी जाऊन काही भलतंच बोललोय.

"हरिबा, त्ये इचारू नगा," ते म्हणाले. "कमान अजून हुबी न्हाई. तिच्याम्होरं असलं बोलायचं न्हाई."

सुतारानं तेच केलं. वाळूच्या गाडीवानांनी बैलांकडे बघितलं आणि विषय बदलला. सुरुंगवाले तर उठून चालते झाले आणि ते बरोबरच होतं. आमच्याकडे दिवा विझवत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. घरातनं निघणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. अशा मुलखात हा रकाना भरायला माणूस आणायचा कुठून?

आणि खरं सांगायचं तर मीही कुणाला खोदून विचारलं नव्हतं. मी कुणाला तिसरा आकडा विचारायचा आणि त्यानं उलट मला विचारला तर?

कृष्णात माझा एकुलता एक. आमचं गाव कोरेगावपासून पाच मैलांवर आणि गावात घरटी एक तरी पलटणीत. एकाहत्तरच्या वैशाखात त्याचं लग्न झालं, दोन महिने घरी राहिला, 'येतो' म्हणाला आणि गेला. डिसेंबरात लढाई थांबली, त्यानंतर तीन दिवसांनी तार आली. बेपत्ता. मेला म्हणत नव्हते, धरला म्हणत नव्हते, जखमी म्हणत नव्हते. एवढं मोठं सैन्य आणि त्यांनाही रकाना मोकळाच ठेवावा लागला होता. घरी माझी बायको राहीबाई आणि सून बनू. सहा महिने झाले, तार ट्रंकेच्या तळाशी होती आणि आम्ही तिघं तिच्याबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो.

साहेबांनी सोमवारपर्यंतची मुदत दिली. मी पुन्हा कुणाकडे गेलो नाही. जेवणाच्या सुट्टीत बसलो आणि दुसऱ्या रकान्यातले आकडे बघून बघून तिसऱ्यात उतरवले. चाळीसच्या पुढे चाळीस, बाराच्या पुढे बारा. म्हणजे वाईटातलं वाईट झालं तरी नेहमीसारखंच होईल. आशीर्वादच होता तो, दुसरं काय. साहेब त्या आठवड्यात पुण्याला फेऱ्या मारत होते. त्यांनी न बघता सही केली.

कागद एकदा परत आले, पण ते वेगळ्याच कारणानं. एक्केचाळीस नंबरच्या कामाला शेवट नाही, असं यंत्रानं छापून पाठवलं होतं. मी बघितलं तर खरंच, त्या बाणापुढं गोल काढायचा राहून गेला होता. साहेबांनी समजावलं की ज्या कामाला शेवटचा गोल नाही ते यंत्र घेत नाही. त्याच्यामागं जी कामं उभी केलीत, ती कधीच सुरू व्हायची नाहीत. एक तर त्याला शेवट द्या, नाहीतर मागची कामं तिथून सोडवून दुसऱ्या गोलाला बांधा. एवढी एकच गोष्ट मला त्या जाळ्यातली पहिल्या झटक्यात कळली. मी गोल काढला. पंधरा दिवसांनी तारीख आली, बारा नोव्हेंबर. साहेबांनी ती लाल शाईनं वरच्या कचेरीला कळवली.

जुलैत सुट्टी मिळाली तसा गावी गेलो. बाद झालेल्या नकाशाची पाठकोरी गुंडाळी सोबत होती, सरावाला म्हणून. सोप्यात ती पसरून बसलो तर राहीबाई येऊन उभी राहिली. हे काय, विचारलं. मी आपलं जमेल तसं सांगितलं, यंत्रानं कागद माघारी धाडले तेही. तिनं थोडा वेळ बघितलं आणि म्हणाली की यात काय अवघड, डाळ शिजल्याबिगर पुरण नाही, पण तोवर कणीक मळून होते, गूळ चिरून होतो. मला आठ दिवस लागले होते.

मग ती खाली बसली.

"आवं, ह्यात आपला किस्ना कवा येतूया त्ये निघंल का?"

माझ्या हातात पेन्सिल होती. नाही म्हणणं मला जमलं नाही. त्याच महिन्यात दोन्ही देशांचा करार झाला होता, तो पहिला बाण. कैद्यांच्या याद्या, दुसरा. सुटका, तिसरा. साताऱ्यापर्यंत प्रवास, चौथा. गाव, पाचवा. राहीबाई म्हणाली, आणि पोरीचं? म्हणून बनूचा बाण मी शेवटच्या गोलाला जोडला. बनू सातवी पास. साताऱ्याला नर्सबाईचं दोन वर्षांचं शिक्षण होतं, राहणं-जेवण तिथंच, आणि लढाईत ज्यांचा माणूस गेला त्यांच्यासाठी जागा राखून ठेवलेल्या. तिच्या भावानं तो अर्ज आणून दिला होता, तेव्हा राहीबाईनं त्याला पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. अर्ज देव्हाऱ्यामागं खोचलेला होता. कृष्णात आला की काय ते ठरेल, असं आम्ही दोघांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

आता आकडे. राहीबाई म्हणाली, मनासारखं झालं तर गणपतीला. नेहमीसारखं झालं तर दिवाळीला. मी ते लिहिलं. पुढच्या चौकोनावर पेन्सिल थांबली. बनू पाठमोरी बसून शेंगा फोडत होती, तिचाही आवाज थांबला. राहीबाई उठली, आत गेली आणि चांगल्या पेटलेल्या चुलीत फुंकर मारत बसली. मी गुंडाळी करून माळ्यावर टाकली. 'सुटका'च्या बाणापुढं गोल काढायचा राहिला होता, हे मला सांगलीला परत येताना एस.टी.त आठवलं.

गणपती आले आणि गेले. त्या वर्षी पावसानं दगा दिला होता. पुराचीच भीती धरून आम्ही पाया खोल घेतला होता आणि सप्टेंबरातच ओढा कोरडा पडला. दगडाला तहान किती असते ते तेव्हा कळलं. सांधे भिजवायला पाणी नाही, चुना मळायला पाणी नाही. इमाम मिस्त्रींनी दीड कमान उभी करून काम थांबवलं, कच्चं बांधणार नाही म्हणाले. बारा नोव्हेंबरला आमच्या पुलावर शेळ्या बसल्या होत्या.

वरून साहेबांना लेखी विचारणा झाली. त्यांनी सगळे कागद काढले आणि माझ्यासमोर ठेवले. दोन रकान्यांवरून त्यांचं बोट एकदम खाली आलं.

"हरिबा, हे तुम्ही उतरवून काढलंत?"

मी हो म्हणालो. नोकरी गेली असं धरूनच उभा होतो. ते म्हणाले की सही माझी आहे, मी बघायला हवं होतं. तेवढंच. त्यांनी वर काय उत्तर दिलं मला माहीत नाही, पण माझं नाव त्यात नव्हतं. पुढं चार महिन्यांत त्यांची बदली झाली. आजही आठवलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

नवे कागद भरायचे होते. मी पुन्हा इमाम मिस्त्रींकडे गेलो. कमानीच्या सावलीत तपकीर ओढत बसले होते. मी विचारायच्या आधीच म्हणाले, "लिवा. पाणी आटलं तर एकशेवीस दिस."

मी म्हणालो, तेव्हा का नाही सांगितलं?

"तवा झालं नव्हतं," ते म्हणाले. "झाल्यावर बोलाय काय भ्या हाय? झाल्यावर बी मानूस बोलला न्हाई, तर मग कमानीखाली चालनाऱ्याला कोन सांगनार?"

मी एकशेवीस लिहिलं. सुताराचं लिहिलं, गाडीवानांचं लिहिलं. कुणी उठून गेलं नाही.

दिवाळीही गेली. डिसेंबरच्या सुरुवातीला कैद्यांची अदलाबदल झाली. चावडीवरच्या रेडिओभोवती गाव जमलं होतं म्हणे. शेजारच्या गावातला एकजण परत आला. त्याला आमच्या कृष्णातबद्दल काही ठाऊक नव्हतं. पुढच्या आठवड्यात मला सांगलीच्या पत्त्यावर पलटणीचं पत्र आलं. त्यात काय असणार ते पाकीट फोडायच्या आधीच कळलं होतं. अकरा डिसेंबर एकाहत्तर अशी तारीख होती. म्हणजे तार आली तेव्हा, जाळं काढलं तेव्हा, गणपतीत, दिवाळीत, तो नव्हताच. आम्ही ज्याची वाट बघत होतो, ते आम्ही वाट बघायला लागायच्या आधीच होऊन गेलं होतं. हे मला तेव्हाही नीट समजलं नाही आणि अजूनही समजत नाही. पत्र मी खिशात घातलं आणि चार दिवस खिशातच ठेवलं.

गावी गेलो ते सांगायचं ठरवून. गेल्यावर हात-पाय धुतले, चहा घेतला, पिकाचं विचारलं, म्हशीचं विचारलं. पत्र खिशातच राहिलं. बनूनं पदराला हात पुसले आणि माळ्यावरची गुंडाळी काढून आणली. माझ्यापुढं पसरली.

"मामंजी, माजा बाण त्येंच्या मागंच का काढलाय?"

मी म्हणालो, तसंच असतं ते.

"पर त्येंच्या बाणाला म्होरं गोल न्हाई," ती म्हणाली. "असलं यंत्र माघारी धाडतंय, तुमीच सांगितलं हुतं."

लग्न होऊन दीड वर्ष झालेली पोर, माझ्याशी मान वर करून कधी बोलली नव्हती. बोट त्या जागेवर ठेवून ती बसली होती. पाच महिने तो कागद माळ्यावर होता आणि तिनं तो किती वेळा काढून बघितला असेल, देव जाणे. मी सत्तावन्न बाण काढणारा माणूस, पण माझ्याच घरातलं एक माणूस आपण कुठं बांधून ठेवलंय हे मला दिसलं नव्हतं. मला माझी लाज वाटली. मी खिशात हात घातला आणि पत्र कागदावर ठेवलं.

वाचून दाखवायची पाळी आली नाही. राहीबाईला वाचता येत नाही, पण माझं तोंड तिला वाचता येतं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. रडली ती नंतर, पुष्कळ रडली, शेजारपाजार गोळा झाला. पण त्या वेळी तिनं एवढंच केलं. देव्हाऱ्यामागं हात घालून तो अर्ज काढला, पदरानं त्यावरची धूळ पुसली आणि माझ्याकडे दिला.

"काडा तिचा येगळा," ती म्हणाली.

मी बनूचा बाण खोडला आणि पहिल्या गोलापासून नवा काढला. कृष्णातच्या बाणापुढं गोल काढायला मात्र हात उचलला नाही. तो तसाच ठेवला. तो कागद कुठल्या यंत्राकडे जायचा नव्हता.

जानेवारीच्या दुसऱ्या दिवशी बनूला घेऊन साताऱ्याला गेलो. राहीबाई फाट्यापर्यंत आली आणि तिथूनच मागं वळली. सामान म्हणजे कृष्णातची काळी ट्रंक. तिच्यावर त्यानं स्वतः पांढऱ्या रंगानं नाव आणि नंबर घातला होता. मी विचारलं, वरून रंग मारून देऊ का. बनू म्हणाली, असू द्या.

तिथल्या बाई पोक्त होत्या, चष्म्याच्या. त्यांनी अर्ज घेतला, नाव वाचलं, गाव वाचलं, शिक्षण वाचलं. मग बोट थांबलं आणि अर्ज माझ्याकडे फिरवला.

"हा रकाना मोकळा का ठेवलाय?"

पती हयात आहे काय, नसल्यास तारीख. घरी सगळा अर्ज मीच भरला होता, तेवढं सोडून. खोलीत बाकावर आणखी तीन-चार पोरी बसल्या होत्या. बनू माझ्या शेजारी उभी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. मला त्या दीड कमानीखालचं इमाम मिस्त्रींचं बोलणं आठवलं. मी खिशातलं पेन काढलं, टोपण काढलं. सव्वीस वर्षं मी झालेलंच लिहीत आलो होतो. हेही होऊन गेलेलंच होतं.

मी लिहिलं, नाही. त्यापुढं तारीख लिहिली, अकरा डिसेंबर एकाहत्तर. अक्षर चांगलं आलं.

बाईंनी शिक्का मारला. दुसऱ्या एका पोरीनं ट्रंकेची एक कडी धरली, बनूनं दुसरी. दारातनं ती परत आली, वाकून माझ्या पायाला हात लावला.

"येते, मामंजी."

"ये," मी म्हणालो.

त्या दोघी ट्रंक घेऊन लांबच लांब व्हरांड्यातनं गेल्या. ट्रंक जड होती, दोनदा टेकवावी लागली. ज्या बाजूला नाव होतं ती बाजू माझ्याकडे होती आणि वळणापर्यंत मला ते वाचता येत होतं.